उच्च रक्तदाब : नवीन शिफारशी व शेतकरी कुटुंबाने घ्यावयाची काळजी



पिकावर रोग आला की पानावर ठिपका दिसतो, शेंडा मलूल होतो, मुळी उपटून पाहिली तर कूज कळते. उच्च रक्तदाबाचे तसे नाही. माणूस दिवसभर नांगरट करतो, पोते उचलतो, रात्री गाढ झोपतो आणि दाब मात्र १७० वर असतो. डोके दुखणे, मान भरून येणे, चक्कर येणे ही बीपीची लक्षणे आहेत असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांना कोणतेच लक्षण नसते. त्यामुळे "मला काही होत नाही, मग गोळी कशाला?" हा प्रश्न पडणे साहजिक आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के व स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के व्यक्तींचा दाब वाढलेला किंवा औषध घेऊन आटोक्यात ठेवलेला आढळला. म्हणजे चार-पाच प्रौढ माणसांमागे एक. कष्टाची कामे करणारा माणूस यातून सुटतो, असे समजण्याचे कारण नाही.

दाब म्हणजे काय?

पंप व पाइपलाइन आपल्याला नवीन नाही. हृदय हा पंप, रक्तवाहिन्या ही पाइपलाइन. विश्रांतीच्या अवस्थेत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर, म्हणजे २४ तासांत ७,००० लिटरहून अधिक रक्त फिरविते आणि दिवसातून साधारण एक लाख वेळा आकुंचन पावते. आकुंचनाच्या वेळचा दाब तो वरचा आणि दोन ठोक्यांच्या मधला तो खालचा. हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. १२० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे १ मीटर ६३ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. ठिबक संचाच्या १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबापुढे हा दाब किरकोळ वाटेल, परंतु येथे पाइप पीव्हीसीचा नसून जिवंत स्नायूंचा आहे. मेंदू, डोळ्याचा पडदा व मूत्रपिंड येथील वाहिन्या तर केसाहून बारीक असतात. वर्षानुवर्षे जास्त दाब सोसून त्या जाड व कडक होतात, कोठे तुंबतात, कोठे फुटतात. याचा परिणाम म्हणजे लकवा, हृदयविकाराचा झटका, हृदय कमकुवत होणे व मूत्रपिंड निकामी होणे. घरातील कर्त्या माणसाला लकवा झाला तर एक हंगाम जातो एवढ्यावर भागत नाही; उपचारापायी जमीन गहाण पडलेली उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील.

१३० की १४०?

वर्तमानपत्रातून कधी वाचावयास मिळते की १३० च्या वर दाब म्हणजे रोग, तर आरोग्य केंद्रात डॉक्टर १४० सांगतात. यामुळे गोंधळ होतो. खताच्या शिफारशी जशा जमिनीचा प्रकार, पाणी आणि नवीन प्रयोगांचे निष्कर्ष पाहून ठराविक काळाने सुधारल्या जातात आणि दोन विद्यापीठांच्या मात्रेत थोडा फरक असू शकतो, तसाच हा प्रकार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार वरचा दाब १४० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा ९० किंवा त्याहून अधिक असल्याची खात्री झाल्यावर औषध सुरू करावे. दोन्हींपैकी एक जरी आकडा वाढलेला असला तरी तो उच्च रक्तदाबच होय. ज्यांना आधीच हृदयविकार किंवा लकवा होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी १३० पासूनच औषध सांगितले आहे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांमध्येही १३० ते १३९ या दाबाला औषधाचा विचार करावा असे सुचविले आहे. अमेरिकेतील हृदयरोग संस्थांनी २०१७ मध्ये १३०/८० हीच व्याख्या स्वीकारली व २०२५ च्या सुधारणेतही ती कायम ठेवली. मात्र त्या व्याख्येत बसणाऱ्या प्रत्येकास लगेच गोळी द्यावी असे तेही म्हणत नाहीत. ज्यांचा धोका कमी आहे त्यांना प्रथम तीन ते सहा महिने आहार व राहणीमानात सुधारणा करण्यास सांगितले जाते. युरोपातील संस्थेने २०२४ मध्ये रोगाची व्याख्या १४०/९० अशीच ठेवून १२० ते १३९ या पट्ट्याला 'वाढता दाब' असे वेगळे नाव दिले.

आकडे खाली सरकण्यामागे आधार आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत ९,००० हून अधिक रुग्णांवरील एका मोठ्या प्रयोगात वरचा दाब १४० च्या खाली ठेवलेल्या गटाशी १२० च्या खाली ठेवलेल्या गटाची तुलना केली गेली. दुसऱ्या गटात हृदयविकार व मृत्यू इतके कमी झाले की प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. त्याचबरोबर या गटात दाब फार उतरणे, चक्कर येणे, मूत्रपिंडावर ताण येणे असे त्रासही अधिक होते. म्हणून फायदा व त्रास यांचा मेळ प्रत्येक रुग्णागणिक घालावा लागतो. अनेक प्रयोग एकत्र तपासले असता वरचा दाब १० मिलिमीटरने उतरविल्यास लकव्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो, असे दिसून आले आहे.

आपल्यासाठी व्यवहारातली गोष्ट एवढीच, की १४०/९० च्या वर दाब असेल तर कोणत्याही शिफारशीत मतभेद नाही. आपल्याकडे खरी अडचण १३० की १४० ही नसून १६० चा दाब घेऊन हिंडणाऱ्याला तो माहीतच नसणे ही आहे.

मोजणी चुकली की सगळे चुकते

मातीचा नमुना बांधाजवळून किंवा खताच्या ढिगाऱ्याखालून घेतला तर अहवाल कितीही सुबक असला तरी निरुपयोगी ठरतो. रक्तदाबाचेही तसेच आहे. बाजाराच्या दिवशी सायकल दामटीत यावे, रांगेत उभे राहून तंबाखू मळावी, चहा घ्यावा आणि लगेच पट्टा बांधून घ्यावा, तर आकडा १० ते २० ने सहज वाढतो.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू व श्रम टाळावेत. लघवीला जाऊन यावे. पाठीला टेका देऊन खुर्चीवर पाच मिनिटे शांत बसावे. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असावेत, पायावर पाय टाकू नये. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, सदऱ्याच्या बाहीवर नको. हात टेबलावर, छातीच्या पातळीत ठेवावा. मोजताना बोलू नये, नर्सबाईंनी पावसापाण्याची चौकशी केली तरी उत्तर नंतर द्यावे. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी धरावी. दंड जाड असल्यास मोठा पट्टा मागावा, कारण लहान पट्टा दाब खोटाच जास्त दाखवितो. पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजून ज्या बाजूस जास्त असेल ती बाजू पुढे कायम ठेवावी.

एकाच दिवसाच्या आकड्यावर सहसा निदान करू नये. वेगळ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करतात. दाब १८० किंवा ११० च्या वर असेल तर मात्र डॉक्टर थांबत नाहीत. काही जणांचा दाब दवाखान्याची पायरी चढताच वाढतो. अशांनी घरी मोजणे उपयुक्त ठरते. पाऱ्याची यंत्रे हळूहळू मागे पडत असून दंडावर बांधावयाचे डिजिटल यंत्र घरी वापरण्यास सोपे आहे. मनगटावरचे यंत्र घेऊ नये. सकाळ-संध्याकाळ असे आठवडाभर मोजून आकडे वहीत लिहावेत व पहिला दिवस सोडून सरासरी काढावी. घरच्या मोजणीत १३५/८५ ही मर्यादा धरतात. यंत्र महाग वाटल्यास बचत गटाने मिळून एक घेतले तरी चालते, फक्त ते वर्षातून एकदा आरोग्य केंद्रातील यंत्राशी ताडून पाहावे.

मीठ : घरच्या घरी हिशोब

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, अशी आहे. भारतात प्रत्यक्ष वापर ८ ते ११ ग्रॅमच्या आसपास आढळतो. आपल्या घराचा आकडा काढणे अवघड नाही. पाच प्रौढ माणसांच्या घरास दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे एक किलोची पुडी ४० दिवस पुरली पाहिजे. ती २० दिवसांत संपत असेल तर माणशी १० ग्रॅम मीठ पोटात जात आहे. जनावरांना घातलेले व लोणच्यासाठी वेगळे काढलेले मीठ या हिशोबातून वगळावे. उलट पापड, लोणचे, फरसाण, शेव, बिस्किटे, हॉटेलातील वडा-मिसळ व कोकणात सुकी मासळी यांतून येणारे मीठ या पुडीत दिसत नाही, ते वरचे समजावे. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतेच. सैंधव मीठ किंवा काळे मीठ दाबाला चालते हा समज चुकीचा आहे, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे.

"उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ लागतेच" असे सांगितले जाते. घामावाटे मीठ जाते हे खरे, पण उन्हाची सवय झालेल्या शरीरातून ते कमी जाते आणि आपल्या रोजच्या जेवणात त्याहून अधिक असते. तेव्हा भाकरीबरोबर ठेचा खावा, परंतु त्यात मीठ बेताने घालावे व ताटात वरून घेण्याची सवय मोडावी. जुलाब-उलट्या होत असताना मात्र बीपी आहे म्हणून जलसंजीवनी टाळू नये. त्या दिवसांत दाबाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात की थांबवाव्यात हे डॉक्टरांना लगेच विचारावे, कारण शरीर कोरडे पडलेले असताना काही गोळ्यांमुळे दाब फार उतरतो व मूत्रपिंडास इजा होऊ शकते.

मिठासंबंधीचा एक मोठा प्रयोग चीनमधील ६०० खेड्यांत झाला. सुमारे २१,००० व्यक्तींचा त्यात समावेश होता. त्या लकवा होऊन गेलेल्या किंवा साठीच्या पुढच्या व दाब असलेल्या होत्या. निम्म्या गावांत नेहमीचे मीठ, तर निम्म्या गावांत तीन भाग सोडियम क्लोराइड व एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण दिले गेले. सुमारे पाच वर्षांनंतर मिश्र मीठ खाणाऱ्या गावांत लकव्याचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये घरगुती वापरासाठी असे कमी सोडियमचे मीठ सुचविले आहे. मूत्रपिंडाचा विकार असणारे, गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना ही शिफारस लागू नाही. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ते घ्यावे, कारण रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

येथे एक ताकीद देणे आवश्यक वाटते. पोटॅशियम क्लोराइड म्हणजेच आपल्या ओळखीचे म्युरेट ऑफ पोटॅश. परंतु खताच्या गोणीतील पोटॅश खाण्याच्या शुद्धतेचे नसते. ते कोणत्याही परिस्थितीत स्वयंपाकघरात आणू नये.

पोटॅशियम मिळविण्याचा सोपा मार्ग परसबागेतून जातो. शेवगा, पालक, केळी, डाळी, कडधान्ये व ताजी फळे रोजच्या आहारात असावीत. वजन जास्त असल्यास उतरवावे. साधारण एक किलोमागे एक मिलिमीटर दाब उतरतो. दारू दाब वाढविते, मग ती कोणतीही असो. तंबाखू, विडी व मिश्री यांनी रक्तवाहिन्यांचे होणारे नुकसान दाबाच्या नुकसानीत भर घालते. शेतीकामात व्यायाम होतो हे बरोबर आहे, पण ट्रॅक्टर, मोटारसायकल व मोटारपंपाचे बटण यांवर चालणारी शेती आता पूर्वीइतके चालवीत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

गोळ्यांविषयी

या रोगावरील औषधांच्या इतिहासात आपल्या मुंबईचा वाटा मोठा आहे. सर्पगंधेच्या मुळीने दाब उतरतो हे सेन व बोस या वैद्यकांनी १९३१ मध्ये मांडले होते. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील प्रयोगशाळेत तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले व काही वर्षे ते जगभर वापरले गेले. पुढे मन उदास होणे, नाक चोंदणे, नाडी मंदावणे असे त्रास लक्षात आले व अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध झाल्याने ते मागे पडले. सर्पगंधेची लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. मुळीतील द्रव्याचे प्रमाण झाडागणिक बदलते, त्यामुळे तुकडा चघळून मात्रा ठरविणे म्हणजे लेबल नसलेल्या बाटलीतून फवारणी करण्यासारखे आहे.

आज प्रामुख्याने तीन गटांतील गोळ्या प्रथम वापरतात. ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते; हिच्यामुळे काहींच्या घोट्यावर सूज येते. टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल या दुसऱ्या गटातील असून एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला येतो, तेव्हा डॉक्टर गोळी बदलून देतात. या गटातील औषधे गरोदरपणात घेऊ नयेत. गर्भास धोका असतो. लग्न झालेल्या तरुण स्त्रियांनी ही बाब डॉक्टरांना आपणहून सांगावी. तिसरा गट लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकणाऱ्या क्लोरथॅलिडोनसारख्या गोळ्यांचा. ही गोळी सकाळी घ्यावी, म्हणजे रात्री उठावे लागत नाही. वैशाखाच्या उन्हात काम करताना उभे राहताच अंधारी येऊ लागली तर डॉक्टरांना दाखवावे. एकाच गोळीची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दोन गटांतील गोळ्या लहान मात्रेत एकत्र दिल्याने दाब अधिक उतरतो, म्हणून दोन गोळ्या लिहून दिल्यास रोग हाताबाहेर गेला असे समजू नये.

"एकदा सुरू झाली की सुटत नाही" ही गोळीबद्दलची तक्रार सार्वत्रिक आहे. ती सवय लागल्यामुळे सुटत नाही असे नाही. गोळी दाब धरून ठेवते, मुळापासून काढत नाही. तपासणीत दाब १२८ आला म्हणून गोळी बंद करणे म्हणजे पाणी चढले म्हणून मोटार काढून विकण्यासारखे आहे. वजन व मीठ उतरविणाऱ्या काही रुग्णांची मात्रा डॉक्टर कमी करू शकतात, हे मात्र खरे.

आणखी एका गोष्टीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. ती म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. कांदा काढणी, भात लावणी, ऊसतोडणी या दिवसांत डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानातून आणून दोन-दोन महिने रोज खाल्ल्या जातात. त्यांनी दाब वाढतो, दाबाच्या औषधाचा गुण कमी होतो व मूत्रपिंडास धोका पोहोचतो. दाब आटोक्यात का येत नाही याचे उत्तर पुष्कळदा या पुडीत सापडते. डॉक्टरांकडे जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे, काढ्यांच्या बाटल्यांसह, पिशवीत घालून न्यावीत.

गावात कोठे जावे?

नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. त्यात पहिल्या टप्प्यातील पाच राज्यांत महाराष्ट्र होता. या उपक्रमात ठरलेल्या क्रमाने मोजकी औषधे देणे, प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवणे व एका वेळी महिन्याच्या गोळ्या देणे अशी पद्धत आहे. सर्वसाधारणपणे ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमने सुरुवात करतात. महिन्याने दाब १४०/९० च्या खाली आला नसेल तर मात्रा वाढवितात किंवा दुसरी गोळी जोडतात. दाब आटोक्यात येईपर्यंत दरमहा व त्यानंतर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी पुरते. तिशीपुढील प्रत्येकाची तपासणी उपकेंद्रात व आयुष्मान आरोग्य मंदिरात विनामूल्य होते. आशाताईंना विचारल्यास दिवस कळेल. रक्तातील साखर, क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने यांची तपासणी सोबत करून घ्यावी, परंतु अहवाल यावयाचे आहेत म्हणून औषध लांबवू नये.

ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांच्या गोळ्या साधारण दिवाळीनंतर तुटतात व पाडव्यापर्यंत तुटलेल्याच राहतात. निघण्यापूर्वी कार्ड सोबत घ्यावे, शक्य तितक्या दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात व कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात ते कार्ड दाखवावे. आषाढी वारीस पायी जाणाऱ्यांनीही पिशवीत पुरेशा गोळ्या ठेवाव्यात. एखादे दिवशी गोळी चुकल्यास दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

चेहरा एका बाजूस वाकडा होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही अचानक झाले तर तो लकवा समजावा. तोंडात पाणी, औषध काहीही घालू नये. दाब उतरविण्यासाठी जिभेखाली गोळी ठेवू नये, तसे केल्याने मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटू शकतो. त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवून १०८ वर फोन करावा आणि मेंदूचा सीटी स्कॅन होतो अशा रुग्णालयातच न्यावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यामुळे आधी बाहेरचे पाहणे किंवा मालीश करणे यात गेलेला वेळ भरून येत नाही.